आखाडाचं जेवण: वजडी, रक्ती, खेकडे, अळंबी कशी करावी? आणि शिकारीच्या मटणाचं काय?

शेतावरची चूल

आखाड संपायच्या आत कराडजवळ वस्तीवर बारा-तेरा जणांचं जेवण ठरलंय. निम्मी माणसं पुण्या-मुंबईची. तांबडा-पांढरा त्यांना आता तिकडेही मिळतो. आपल्या भागात खाल्लं जातं पण हॉटेलात सहसा दिसत नाही, असं काहीतरी त्यांना हवंय. बोकड गावातच पडणार आहे, त्यामुळे वजडी, मुंडी, पाय, रक्त सगळं ताजं हाताशी असेल. खेकडे पाटणकडून येतील.

विचारायचंय ते असं. वजडीचा, म्हणजे बोकडाच्या पोट-आतड्याचा, वास जायला चुना लावावा की नुसतं गरम पाणी पुरतं? रक्ती, म्हणजे गोठवलेल्या रक्ताची भाजी, एकदा लुसलुशीत होते आणि एकदा तिचा भुसा होतो, असं का? खेकड्याच्या रश्शातली कचकच कशी टाळायची? शेजारचे अळंबी आणून देतो म्हणतात, ती ओळखायची कशी? आणि एकजण रानडुकराचं मटण आणून देतो म्हणतोय. पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारलं तर चालतं, असं त्याचं म्हणणं. ते घ्यावं का? कृपया नेमकं सांगा, अंदाजानं नको.

विट्याचा खाटीक

ताई, वजडी, रक्ती आणि मुंडीचं मी सांगतो. बाकीचं जाणकार सांगतील.

वजडीत सगळी गोम पाण्याच्या तापमानात आहे. पोट चिरून आतला चारा झटकायचा आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं. मग पाणी तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. ६५ ते ७० अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर उकळत्या पाण्याचे दोन भाग आणि माठातल्या गार पाण्याचा एक भाग मिसळा, साधारण तेवढंच येतं. त्यात पोटाचा तुकडा मिनिट-दीड मिनिट बुडवायचा, नखानं काळा थर सुटतोय का बघायचा, सुटला की लगेच बाहेर काढून फळीवर पसरून सुरीच्या पाठीनं खरवडायचा. उकळत्या पाण्यात टाकला तर तो थर शिजून आतल्या कातडीला चिकटतो आणि मग काही केल्या निघत नाही. ‘कितीही घासली तरी वजडी काळीच राहते’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. पाणी थंड पडलं तरी थर सुटत नाही, म्हणून एका वेळी एकच तुकडा बुडवा आणि मधे मधे गरम पाणी घालत राहा.

जाळीचा भाग आणि पानापानांचा भाग वेगळे काढा. पानांच्या मधे बारीक चारा अडकलेला असतो. एकेक पान उघडून धुवायला वेळ नसेल तर तो भाग सरळ काढून टाका. अर्धवट धुतलेला एक तुकडा सगळ्या पातेल्याला वास लावतो.

आतडी उलटी केल्याशिवाय साफ होत नाही. हातभर तुकडे करायचे, गुळगुळीत काडीच्या टोकावर एक टोक दुमडून बसवायचं आणि वरून पाणी सोडत आतडी खाली ओढायची. आतली बाजू बाहेर आली की जाड मीठ आणि थोडं ज्वारीचं पीठ लावून चोळायची. पिठाला बुळबुळीतपणा धरतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. हे तीनदा करा.

चुन्याचं म्हणाल तर खायचा चुना चालतो, पण किलोला सपाट एक चमचा आणि दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. जास्त वेळ ठेवला तर मांस बाहेरून गिळगिळीत होतं आणि साबणासारखी चव येते. चुना लावलाच तर शेवटच्या धुण्यात लिंबू पिळा. माझ्या मते थर नीट खरवडला असेल तर चुन्याची गरजच नाही.

यानंतर हळद, मीठ आणि चार लसूण पाकळ्या ठेचून घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. कापायची ती आता. आधी कापली तर आकसून चिंचोक्याएवढे तुकडे हाती राहतात. मग कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि वर पंधरा मिनिटं मंद आच. एका बोकडाची वजडी साफ करून निम्मीच उरते. तेरा जणांना एकाची भाजी पुरायची नाही, म्हणून तासभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाला. साफ केलेल्या एक किलो वजडीला १५० ग्रॅम डाळ, तीन कांदे, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, एक चमचा तीळ, पंधरा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं आणि अडीच मोठे चमचे कांदा-लसूण मसाला. डाळ कुकरमध्ये घालू नका, विरघळते. ती फोडणीत परतून कुकरमधल्या वजडीच्या पाण्यात शिजवा आणि दाणा बोटानं दाबला जाईल अशा बेताला वजडी त्यात सोडा.

आता रक्ती. ज्यानं कापायचं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. जमिनीवर सांडलेलं रक्त उचलून करायची ही गोष्ट नाही. स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात एक पेला पाणी आणि एक चमचा मीठ आधी घालून ठेवायचं आणि रक्त थेट त्यात धरायचं. एकदाच हलवायचं आणि हात काढून घ्यायचा. सारखं ढवळत बसलात तर रक्तातले धागे हाताला गोळा होतात आणि मग ते गोठतच नाही. पाच-दहा मिनिटांत वडी धरते. सुरीनं पातेल्यातच चौकोनी चिरा आणि वड्या हलक्या हातानं गरम पाण्यात सोडा. पाणी नुसतं थरथरत असावं, खळखळ उकळी नको. वीस मिनिटं ठेवा. एक वडी मोडून बघा, आत तपकिरी दिसली की झाली. लाल दिसली तर अजून पाच मिनिटं.

भुसा होतो तो खळखळ उकळीनं. वडीत पोकळ्या होतात, पाणी निघून जातं आणि फोडणीत घातली की चुरा होतो. शिजलेल्या वड्या थंड झाल्यावरच अर्ध्या इंचाच्या कापा, मग कांदा, हिरवी मिरची, लसूण आणि ओलं खोबरं परतून शेवटी तीन-चार मिनिटं त्यात टाका. मसाला कमी घाला. रक्तीला स्वतःची चव आहे, लाल मसाल्यानं ती झाकून जाते.

रक्त दोन तासांच्या आत शिजलंच पाहिजे. आखाडाच्या दमट हवेत ते मटणाच्या कितीतरी आधी बिघडतं. फ्रीजमध्ये ठेवून उद्या करू, असं रक्तीच्या बाबतीत करू नका.

मुंडी भाजून घ्या, सोलून नको. कातडीसकट भाजल्यावर जो धुरकट स्वाद येतो तो सोललेल्या मुंडीला येत नाही. जाळावर केस जाळायचे, सुरीनं खरवडायचे, पुन्हा जाळावर धरायचं, परत खरवडायचं. कानाच्या आत आणि ओठाच्या कडेला केस राहतात, तिथे तापलेली सळई फिरवा. शिंगं तापवून ठोकली की निघतात. मग मुंडी उभी फोडायची. भेजा वेगळा काढून मिठाच्या गार पाण्यात अर्धा तास ठेवला की वरची रक्ताची जाळी सहज सुटते. जीभ गरम पाण्यात बुडवून तिचं पांढरं साल काढायचं. फोडल्यावर नाकाच्या पोकळीत काय दिसतंय ते मात्र नीट बघा.

जतचा पशुवैद्य

वरचं शेवटचं वाक्य थोडं पुढे नेतो, कारण पहिल्यांदा मुंडी फोडणारे इथेच घाबरतात.

शेळ्या-मेंढ्यांच्या नाकात एक माशी अळ्या सोडते. त्या नाकातून कपाळाच्या पोकळीत चढतात आणि दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत वाढतात. जत, आटपाडी, माण, खटाव या मेंढपाळीच्या पट्ट्यात हे नेहमी दिसतं. मुंडी फोडल्यावर वळवळणारी पांढरी-पिवळी अळी दिसली तर मटण सडलं असा अर्थ नाही. जनावर जिवंत असतानाच ती तिथे होती. अळ्या काढून टाका, नाकाचा चिकट भाग पूर्ण कापून फेका, पोकळी मिठाच्या पाण्यानं धुवा. बाकीची मुंडी खाण्याजोगी असते.

त्याहून महत्त्वाचं कलेजी आणि फुप्फुसाचं. कापल्यावर दोन्ही अवयव उजेडात धरून बघा आणि बोटांनी दाबा.

पाण्यानं भरलेली पांढरट गाठ लागली, वाटाण्याएवढी असो की लिंबाएवढी, तर ती कृमीची गाठ असते. ती फोडू नका. तो अवयव बाजूला काढा आणि कुत्र्याला अजिबात घालू नका. हे मी ठासून सांगतो, कारण आपल्याकडे नेमकं उलट होतं: माणसाला नको म्हणून ती गाठ कुत्र्यापुढे टाकली जाते. ती गाठ खाऊन माणसाला थेट आजार होत नाही. कुत्र्यानं खाल्ली की त्याच्या आतड्यात पट्टकृमी तयार होतात, दीड-दोन महिन्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात, ती अंगणातल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीवरून, कुत्र्याच्या केसांवरून माणसाच्या पोटात जातात आणि मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ धरते. ती काढायला शस्त्रक्रिया लागू शकते. असा अवयव जाळा, किंवा कुत्रं उकरणार नाही इतका, निदान तीन फूट खोल पुरा.

दुसरं, कलेजी कापल्यावर पित्तनळीतून पानासारखा चपटा किडा निघाला, नळ्या जाड आणि कडक लागल्या, तर तो यकृतातला पर्णकृमी. तळ्याकाठी, कालव्याकाठी चरलेल्या जनावरात तो जास्त सापडतो. शिजवलेल्या कलेजीतून तो माणसाला होत नाही, पण अशा कलेजीला पित्ताची कडू चव असते आणि ती चरचरीत लागते. टाकून द्या.

चांगली कलेजी गडद तपकिरी, चकचकीत, कडा धारदार. कडा गोल आणि फुगलेल्या असतील तर यकृत सुजलेलं आहे असं समजा.

नवजाचा खेकडेवाला

खेकडे जिवंतच घ्या. मेलेला खेकडा कितीही ताजा सांगितला तरी नको. त्याच्या पोटातले पाचक रस मेल्यावर त्याचंच मांस विरघळवायला लागतात. दोन-तीन तासांत पायातलं मांस पाणचट होतं आणि नवसागरासारखा वास सुटतो.

उचलून बघा. आकाराच्या मानानं जड असेल तर भरलेला. पोटाच्या बाजूचं कवच अंगठ्यानं दाबलं आणि दबलं, तर नुकतीच कात टाकलेला आहे, आत पाणीच निघेल. अमावास्येचे भरलेले आणि पुनवेचे पोकळ असं सगळे सांगतात. तिथीपेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवा.

आखाडात एक गोष्ट सांभाळायलाच हवी. मादीच्या पोटाखालची रुंद झडप उघडून बघा. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं पाण्यात मोकळी वाढत नाहीत, आईच्या झडपेखालीच वाढतात. तिथे अंडी किंवा बारीक पिल्लं दिसली तर ती मादी ओढ्यात परत सोडा. एका मादीखाली पुढच्या वर्षीचा सगळा ओढा असतो. पकडणाऱ्याला आधीच सांगा की पिल्लांच्या माद्यांचे पैसे मिळणार नाहीत. आणि कोयना अभयारण्य किंवा चांदोलीच्या हद्दीतले ओढे सोडून बोला, तिथून खेकडाही आणायला मनाई आहे. उसाच्या किंवा भाताच्या बांधातले खेकडे फवारणीच्या दिवसांत नकोत.

साफ करायच्या आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. ते सुन्न पडतात, नांगी लागत नाही आणि तडफडीत पायही गळत नाहीत. मग ब्रशनं घासा. नांग्या आणि पाय मोडून वेगळे. पोटावरची झडप काढा, पाठीचं कवच मागून उचला. दोन्ही बाजूंना करड्या पिसांसारखे कल्ले दिसतील, ते काढून फेका. डोळ्यांच्या मागे वाळूची पिशवी असते, तीही फेका. पिवळी-केशरी लाख ठेवा, चव त्यातच आहे.

तुमची कचकच त्या वाळूच्या पिशवीमुळे आणि पाय वाटण्याच्या पद्धतीमुळे येते. बारीक पाय एक वाटी पाणी घालून पाट्यावर जाडसर ठेचायचे. मिक्सरला लावायचे तर झटका देत तीनदाच. पीठ केलंत तर कवचाची पूड कापडातूनही सुटते. सुती कापडातून पिळा, पुन्हा एक वाटी पाणी घाला, पुन्हा पिळा. हे पाणी पंधरा मिनिटं न हलवता ठेवा आणि वरचं हळूच ओतून घ्या, तळातलं दोन चमचे सोडून द्या.

बारा-तेरा जणांना मध्यम आकाराचे पस्तीस-चाळीस खेकडे लागतील. कांदा, सुकं खोबरं, लसूण, थोडी खसखस असं वाटण तेलात लाल परतून मसाला घाला, पेंदे (खेकड्याची मधली धडं) आणि नांग्या पाच मिनिटं परता आणि मग ते गाळलेलं पाणी सोडा. उकळी येईपर्यंत पळी घालू नका. पायातलं मांस वर येऊन मऊ तवंगासारखं धरतं, हलवलं की त्याचे कण होतात आणि रस्सा फाटल्यासारखा दिसतो. धरल्यानंतर वीस मिनिटं मंद आचेवर. कोकम दोनच.

वीस मिनिटांच्या खाली येऊ नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात शिरणाऱ्या कृमीची पिल्लावळ असू शकते, ती शिजल्यावर मरते. म्हणून नुसती जाळावर भाजलेली नांगी चोखायला देऊ नका, आणि खेकडा कापलेल्या फळीवर कांदा-काकडी चिरू नका.

पाटणची रानभाजी

ताई, अळंबीबद्दल मी कडक बोलणार आहे.

वारुळावर उगवते ती खायची अळंबी. तिची खूण टोपीत नाही, मुळात आहे. देठ मातीत खोल जातो, निमुळता होत मुळीसारखा थेट वाळवीच्या घरापर्यंत पोचतो. टोपीच्या मधोमध टोचरं टोक असतं, खालच्या पापुद्र्या पांढऱ्या, वय झाल्यावर फिकट गुलाबी. म्हणून आणून देणाऱ्याला सांगा: कापून आणू नको, काडीनं उकरून पूर्ण देठासकट आण. वरून खुडलेली अळंबी ओळखायची सोयच उरत नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो एका पांढऱ्या छत्रीशी. ती गवतावर, बांधावर, खताच्या ढिगाजवळ पावसानंतर उगवते. टोपीवर तपकिरी खवले, देठावर वर-खाली सरकणारं कडं, आणि म्हातारी झाली की पापुद्र्या हिरवट. कोवळी असताना ती अगदी खायच्या अळंबीसारखी पांढरी दिसते. तपासायची रीत: टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकायची, सकाळी कागदावर जी भुकटी पडते ती हिरवट असेल तर सगळी टोपली फेकायची. देठाच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असेल तर भुकटीचीही वाट बघू नका, ती जात जीवघेणी असू शकते.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किड्यानं खाल्ली म्हणजे चांगली, शिजवल्यावर विष मरतं, यातलं काहीही खरं नाही. यकृत बंद पाडणारं विष उकळून जात नाही.

त्रास झालाच तर वेळ लिहून ठेवा. खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते बहुतेक पोटापुरतं असतं, पण हलक्यात घेऊ नका. सहा-बारा तासांनी सुरू झाले तर ते जास्त धोक्याचं. मधे एखादा दिवस माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, त्याच काळात यकृत बिघडत असतं. थेट मोठ्या दवाखान्यात, आणि उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती नासते, मग डॉक्टरांनाही ओळखता येत नाही.

तेरा पाहुण्यांच्या पानात, दुसऱ्यानं खुडून आणलेली, आपण न ओळखलेली अळंबी वाढायची नाही. वारुळावर जाऊन देठासकट काढणारं अनुभवी माणूस नसेल तर बेतातून अळंबी काढून टाका.

खात्रीची मिळाली तर त्याच दिवशी करा. पाण्यात भिजवू नका, ओल्या फडक्यानं माती पुसा, हातानंच उभी फाडा. तेलावर कांदा आणि सुकं खोबरं परतून अळंबी टाका, झाकण न ठेवता. तिचं पाणी सुटेल ते आटू द्या. पंधरा मिनिटं. मसाला अर्धा चमचा, जास्त नको.

चांदोलीचा वाटाड्या

रानडुकराचं मटण घेऊ नका. पुढे कारणं देतो, कारण ‘नुकसान करतं म्हणून चालतं’ हे बऱ्याच शहाण्या माणसांनाही खरं वाटतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रानडुक्कर आणि ससा दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, घोरपड, खवले मांजर, मोर पहिल्या अनुसूचीत. पिकाच्या नुकसानीसाठी डुक्कर मारायचं तर वनखात्याची आधी परवानगी लागते. आणि परवानगीनं मारलं तरी कलम ३९ प्रमाणे ते जनावर आणि त्याचं मांस सरकारी मालमत्ता. गाडीखाली मेलेलं, विहिरीत पडून मेलेलं, चुकून मारलं गेलेलं, सगळ्यांना हेच कलम. असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. कायद्यातल्या ‘मांस’ या शब्दात रक्त, हाडं, अंडी, चरबी हेही धरलेलं आहे. मारलं दुसऱ्यानं, आपण फक्त विकत घेतलं, ही सबब चालत नाही. पातेलं ज्याच्या चुलीवर सापडेल तो अडकतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर किमान ३ वर्षं, ७ पर्यंत, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही.

२०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ-बिबट्याचं खाणं म्हणजे हेच डुक्कर, ससा, भेकर. फासकी डुकरासाठी लावतात आणि तिच्यात बिबट्या अडकतो. मागणी असते म्हणून फासकी लागते. कोणी विकत असल्याचं कळलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर सांगता येतं.

मांसाचीही बाजू आहे. फासकीतलं जनावर किती तास तडफडून मेलं आणि किती तासांनी पोट काढलं ते तुम्हाला कधीच कळत नाही. पोट फुगून आतडी फुटली की मागचा भाग हिरवट होतो, तो भाग मसाल्यात खपवला जातो. छऱ्यानं मारलेलं असेल तर शिशाचे कण मांसात पसरतात, ते शिजून जात नाहीत. शिवाय रानडुकराच्या स्नायूत कृमींच्या अळ्या असू शकतात, त्या दिसत नाहीत. आणि घोरपडीच्या तेलानं धरलेली कंबर बरी होत नाही, त्या नावावर एक सुंदर प्राणी मारला जातोय.

फलटणचे पाळीव पक्षी

शिकारीची चव हवी असेल तर कायदेशीर वाट आहे. जपानी लाव्हा (क्वेल) पाळीव आहे, पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येते, जिवंत वजन १५० ते २०० ग्रॅम. माणशी दोन धरा. कात्रीनं पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून पक्षी पुस्तकासारखा उघडा. दही नको, ते आंबटपणानं चव मारतं. मीठ, लसूण, मिरपूड, शेंगदाण्याचं तेल लावून अर्धा तास ठेवा. निखाऱ्यावर आधी हाडाची बाजू सात मिनिटं, मग कातडीची चार. पंधरा मिनिटांच्या पुढे गेलात तर छाती कोरडी पडते. फार्मची पावती घ्या, कारण माणच्या माळावरची रानटी लावरी संरक्षित आहे आणि पिसं काढल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पाळीव ससाही मिळतो, न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला. दोन किलोच्या सशाचं साधारण एक किलो मटण पडतं. चरबी जवळजवळ नसते, म्हणून बोकडासारखा शिजवला तर दोऱ्यासारखा होतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून दोन तास बुडवा. पुढचे-मागचे पाय आधी मंद आचेवर चाळीस मिनिटं, पाठीचे तुकडे शेवटच्या पंधरा मिनिटांत. किलोला चार मोठे चमचे तेल तरी लागतंच. कुकर नको.

कडकनाथ काळा म्हणून पाहुण्यांना नवल वाटेल. मूळ झाबुआचा, मांसापासून हाडांपर्यंत काळा. पण गावरान कोंबडीपेक्षा चव फार वेगळी नसते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत.

माणदेशी मळा

शाकाहारी कोणी असेल तर फड्या निवडुंगाची बोंडं. आटपाडी-म्हसवडकडे माळावर फुकट मिळतात. हातानं तोडू नका, चिमट्यानं. मोठे काटे दिसतात, त्रास देतात ते केसासारखे बारीक. बोंड जाळावर गोल फिरवून काटे जाळायचे, मग खडबडीत दगडावर घासून धुवायचं. दोन्ही टोकं कापून उभी चीर, साल सोलून आतला लाल गर. बारीक काटा जिभेला लागला तर दिवसभर टोचतो, म्हणून घासण्यात घाई नको. बिया कडक असतात. पाच-सहाच्या वर बोंडं खाल्ली तर त्या घट्ट बसून पोट अडतं, लहान मुलांना तर गाळून सरबतच द्या. दुसऱ्या दिवशी लघवी लाल दिसू शकते, तो रंग बोंडाचा, घाबरायचं कारण नाही.

शेतावरची चूल

सगळ्यांचे मनापासून आभार. रानडुक्कर आणि अळंबी बेतातून काढलं. अजून दोन शंका. खेकडे आदल्या संध्याकाळी पोचणार आहेत, रात्रभर बादलीत पाणी घालून ठेवले तर चालतील का? आणि एका पाहुण्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, त्यांना गोड्या पाण्यातला खेकडा चालेल का?

नवजाचा खेकडेवाला

बादलीत पाणी भरून ठेवलेत तर सकाळी निम्मे मेलेले मिळतील. साचलेल्या पाण्यातली हवा संपते आणि ते गुदमरतात, वर एकमेकांचे पाय तोडतात ते वेगळंच. वेताच्या टोपलीत ओलं गोणपाट, त्यावर खेकडे एका थरात, वरून ओलं गोणपाट. नांग्या सुतळीनं बांधा. सावलीत, वारं लागेल अशा जागी. दर चार तासांनी गोणपाटावर पाणी शिंपडा. असे दीड दिवससुद्धा राहतात. सकाळी जो हलवल्यावर पाय ओढून घेत नाही तो बाजूला.

जतचा पशुवैद्य

कोळंबीची ॲलर्जी असलेल्याला खेकडा देऊ नका, गोड्या पाण्यातला असला तरी. ॲलर्जी आणणारं प्रथिन कोळंबी, खेकडा, अगदी मुंग्या-वाळवीतही जवळपास एकच असतं, आणि शिजवल्यानं ते जात नाही. गडचिरोली-बस्तरकडची लाल मुंग्यांची चटणी, किंवा २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ओडिशातली सिमिलीपालची काई चटणी कोणी आणली तरी त्या पाहुण्यांना तोच नियम. खेकड्याची पळी, पातेलं, तळणीचं तेल वेगळं ठेवा. त्यांचं ताट खेकडे उघडायच्या आधी वाढून बाजूला करा, कारण उकळत्या खेकड्याच्या वाफेनंही काहींना धाप लागते. त्यांना चुलीपासून लांब बसवा, आणि त्यांची औषधं सोबत आहेत का ते आधी फोन करून विचारून घ्या.